पाचव्या परीक्षानळीचे काय?

२०२३ च्या डिसेंबरात एका माध्यमिक शाळेने आमच्याकडे एक मागणी केली. आठवीच्या मुलांसाठी 'एस्केप रूम'सारखा विज्ञानाचा एखादा खेळ तयार करून द्या. संशोधन करणाऱ्या माणसांना शाळा बोलावतात ते बहुधा व्याख्यानाला, नाहीतर बक्षीस समारंभाला. खेळ मागणारी शाळा आम्हाला प्रथमच भेटली. आम्ही आनंदाने होकार दिला आणि आम्ल व आम्लारी या विषयावर खेळ रचला. तो मुलांना आवडला, शिक्षकांनी आभार मानले, सारे काही ठीक झाले. तरी त्या दिवशी घरी परतताना आमचे मन स्वस्थ नव्हते.

असे खेळ आज अनेक शाळांत सुरू होत आहेत. त्यांचे तयार संचही विकत मिळतात. म्हणून त्यांची थोडी तपासणी व्हावी असे आम्हाला वाटते. त्यासाठी दुसऱ्याचा खेळ घेण्यापेक्षा स्वतःचाच घेतलेला बरा.

खेळ काय होता?

एस्केप रूम म्हणजे सुटकेचा खेळ. चार-सहा जणांना एका खोलीत सोडायचे, खोलीत कोडी आणि कुलपे ठेवायची, आणि ठरलेल्या वेळात, बहुधा एका तासात, सगळी कोडी सोडवून बाहेर पडायचे. याचे मूळ संगणकावरच्या खेळांत आहे. तोशिमित्सु ताकागी या जपानी माणसाने २००४ साली केलेला 'क्रिमझन रूम' हा त्यांतला गाजलेला खेळ. २००७ साली ताकाओ कातो यांनी जपानमधल्या क्योटो शहरात हाच प्रकार खऱ्या खोलीत, खऱ्या माणसांसाठी मांडला. तिथून तो जगभर गेला. गेल्या दहा-बारा वर्षांत मुंबई, पुणे, बंगळूर येथेही अशा खोल्या निघाल्या. शाळेत मुलांना खोलीत कोंडणे शक्य नाही आणि योग्यही नाही. त्यामुळे खोलीची पेटी झाली. अमेरिकेत २०१५ पासून 'ब्रेकआउट एज्यु' या नावाने कुलपे आणि पेटी असा संच शिक्षकांना मिळू लागला. खोलीतून बाहेर पडण्याऐवजी पेटीच्या आत शिरायचे, एवढाच फरक.

आमच्या खेळातही पेट्याच होत्या. तीस मुले, सहा-सहा जणांचे पाच गट, प्रत्येक गटापुढे तीन पेट्या, आणि वेळ एका तासिकेचा, म्हणजे ३५ मिनिटे. पहिल्या पेटीला तीन चकत्यांचे आकडी कुलूप होते. शेजारी स्टँडमध्ये सहा परीक्षानळ्या, त्यांवर १ ते ६ क्रमांक. नळ्यांत अनुक्रमे लिंबाचा रस, साबणाचे पाणी, चुन्याची निवळी, व्हिनेगर, शाळेच्या टाकीतले साधे पाणी आणि खाण्याच्या सोड्याचे पाणी. कोणत्या नळीत काय आहे हे अर्थातच सांगितले नव्हते. सोबत तांबडा व निळा लिटमस कागद आणि एक चिठ्ठी : 'आम्लारी असलेल्या नळ्या शोधा. त्यांचे क्रमांक लहानाकडून मोठ्याकडे लावा. कुलूप उघडेल.' उत्तर होते २३६.

दोन प्रसंग

खेळ सुरू होऊन तीन मिनिटेही झाली नव्हती, तोच एका गटाने पहिली पेटी उघडली. वर्गात टाळ्या पडल्या. आम्हीही खूश झालो. जवळ जाऊन पाहिले तर त्यांच्या लिटमसच्या पुड्या जशाच्या तशा बंद. "कसं काय उघडलं रे?" असे विचारताच एका मुलाने मोकळेपणाने सांगितले, "सर, कुलपाला तीन आकडे आहेत, नळ्या सहा. आकडे चढते लावायचेत. मग १२३, १२४, १२५ असं ओळीनं लावत गेलो. तेराव्याला उघडलं."

हिशेब अगदी बरोबर आहे. तीन चकत्यांवर एकूण १००० आकडे लागू शकतात. एका प्रयत्नाला तीन सेकंद धरली तर सगळे लावून पाहायला ५० मिनिटे लागतील, आणि तासिका तर ३५ मिनिटांचीच आहे. पण १ ते ६ मधले तीन वेगवेगळे आकडे, तेही चढत्या क्रमाने, एवढे कळले की १००० पैकी फक्त २० उरतात. वीस वेळा तीन सेकंद म्हणजे एक मिनिट. २३६ हा त्या यादीत तेरावा येतो. ज्याला शंका असेल त्याने यादी करून पाहावी. लिटमस बुडवण्यापेक्षा हे किती तरी लवकर होते.

दुसरा प्रसंग याच्या अगदी उलट. मागच्या बाकावरच्या गटात एक मुलगी शांतपणे एकेका नळीत लिटमस बुडवून वहीत नोंद करीत होती. तिने बाईंना हाक मारली. "बाई, पाच नंबरचं पाणीसुद्धा तांबड्याला निळसर करतंय. म्हणजे २३५६ येतंय. पण कुलपाला तीनच आकडे आहेत." बाई म्हणाल्या, "अगं, ते साधं पाणी दिसतंय. पाणी उदासीन असतं. कागदाला आधीचं काही लागलं असेल. चल, वेळ संपतोय." गटातल्या मुलांनी तिच्या हातून कागद घेतला, २३६ लावले, कुलूप उघडले, आणि सगळे दुसऱ्या पेटीकडे वळले. तिने वहीत पाचासमोर लिहिलेले 'निळसर' खोडले.

बाईंचा यात काही दोष नाही. घड्याळ लावले होते ते आम्ही. आम्ही तिथेच उभे होतो आणि आमच्याही तोंडून शब्द निघाला नाही, कारण उत्तर २३६ आहे हे आम्हाला ठाऊक होते. आम्हीच ते ठरवले होते.

पाणी खरेच उदासीन होते का?

खेळानंतर उरलेले पाणी आम्ही प्रयोगशाळेत नेऊन मोजले. त्याचा सामू ८.४ भरला. मुलीचे निरीक्षण बरोबर होते. लिटमसचा रंग साधारण ४.५ ते ८.३ या सामूच्या दरम्यान तांबड्याकडून निळ्याकडे बदलत जातो. म्हणजे ८.४ ला तांबडा कागद निळसर होणारच.

शाळेचे पाणी बोअरचे. जमिनीखालून येताना पाण्यात खडकांतली बायकार्बोनेटे विरघळतात आणि कार्बन डायऑक्साइड वायूही बराच असतो. तो वायू विरघळलेला असेपर्यंत सामू सातच्या आसपास राहतो. पाणी गच्चीवरच्या टाकीत पडून राहिले की वायू हळूहळू निघून जातो आणि सामू वाढतो. 'पाणी उदासीन असते' हे वाक्य शुद्ध पाण्याला लागू आहे, शाळेच्या टाकीतल्या पाण्याला नाही. इतका सुंदर धडा आमच्या खेळात आपल्या पायांनी चालत आला होता, आणि आमच्या कुलपाने त्याला दाराबाहेर ठेवले.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. ज्यांनी प्रयोग केलाच नाही त्यांना कुलपाने बरोबर ठरवले. जिने काळजीपूर्वक प्रयोग केला तिला चूक ठरवले. विज्ञानाच्या तासाला याहून उलटा न्याय कोणता असणार?

कुलूप काय तपासते?

पहिल्या गटातल्या मुलांना कोणी लबाड म्हणू नये. त्यांनी विचारच केला होता, फक्त तो आम्लांचा नव्हता, कुलपाचा होता. रिचर्ड फाइनमन या थोर भौतिकशास्त्रज्ञाने दुसऱ्या महायुद्धाच्या काळात लॉस अलामॉस येथे हेच केले होते. तिथल्या गोपनीय कागदांच्या कपाटांना तीन संख्यांची कुलपे होती, प्रत्येक संख्या शंभरांपैकी एक. म्हणजे दहा लाख शक्यता. फाइनमनच्या लक्षात आले की एखाद-दोन घरांची चूक कुलपाला चालते. म्हणून दर पाचवी संख्या लावली तरी पुरते : शंभराऐवजी वीस. तीन संख्यांच्या शक्यता उरल्या ८०००. शिवाय कपाट उघडे असताना शेवटच्या दोन संख्या कळू शकतात, हेही त्याने शोधले. मग उरले फक्त वीस प्रयत्न. आमच्या वर्गातल्या मुलांनाही वीसच उरले होते!

मग फरक कुठे आहे? फाइनमनला कुलूपच समजून घ्यायचे होते. आमच्या मुलांना मात्र आम्ल आणि आम्लारी समजावेत असा आमचा हेतू होता. कुलूप फक्त आकडा तपासते. आकड्यामागे प्रयोग आहे, अंदाज आहे, की शेजारच्या गटाची कुजबुज आहे, हे त्याला कळत नाही. उत्तर चुकले तर कुठे चुकले हेही ते सांगत नाही. खरे सांगायचे तर आकडी कुलूप ही लोखंडी वेष घेतलेली एका गुणाची वस्तुनिष्ठ चाचणीच आहे. परीक्षेत ज्या प्रश्नांवर आपण टीका करतो, तेच पेटीला लटकवले की नावीन्यपूर्ण कसे ठरतात?

नेदरलँड्समधल्या ॲलिस वेल्डकँप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिक्षणातल्या सुटकेच्या खेळांवरच्या ३९ अभ्यासांचा आढावा २०२० साली प्रसिद्ध केला. त्यांचे एक म्हणणे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. करमणुकीच्या खोलीतून कसेही सुटले तरी चालते. शिक्षणाच्या खेळात मात्र शिकण्याचे उद्दिष्ट गाठले तरच खेळाचे उद्दिष्ट गाठता आले पाहिजे. आपण शिकलो असे खेळणाऱ्याला वाटणे आणि तो खरोखर शिकलेला असणे यांत तफावत असू शकते, याकडेही त्यांनी लक्ष वेधले आहे. आमच्या खेळानंतर तीसही मुलांनी 'खूप शिकायला मिळालं' असे लिहून दिले होते. त्यांत लिटमसची पुडी न उघडलेली सहा मुलेही होती.

निसर्गाने घातलेले कुलूप

म्हणजे असे खेळ सोडून द्यावेत काय? मुळीच नाही. एरवी गप्प बसणारा वर्ग त्या ३५ मिनिटांत जागा झाला होता, हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे. मुले एकमेकांशी विज्ञानाच्या शब्दांत भांडत होती. हे फुकट घालवण्यासारखे नाही. बदलायला हवे ते कुलूप.

आमच्याच खेळातली तिसरी पेटी याला साक्ष आहे. ती पेटी किल्लीच्या कुलपाची होती. किल्ली एका औषधाच्या छोट्या बाटलीत घालून बूच घट्ट लावले होते, आणि ती बाटली पाण्याने भरलेल्या एका उंच, अरुंद बरणीच्या तळाशी बुडवून ठेवली होती. बाटलीचे वजन असे जमवले होते की ती साध्या पाण्यात जेमतेम बुडावी. नियम दोन : बरणीत हात किंवा काठी घालायची नाही आणि बरणी उलटी करायची नाही. शेजारी मीठ, साखर, तेल आणि एक चुंबक.

येथे १२३, १२४ असे काही लावता येत नाही. एका गटाने चुंबक बरणीच्या काचेवरून फिरवून पाहिला. किल्ली पितळी होती, त्यामुळे ती हलली नाही. पितळ चुंबकाला चिकटत नाही हे त्यांना कायमचे कळले. दुसऱ्या गटाने तेल ओतले. ते वर तरंगत राहिले. मग कोणाला तरी समुद्रात पोहणे सोपे जाते हे आठवले आणि मीठ घातले. ढवळायला काठी नाही, म्हणून बरणीच हलवत राहिले. बाटली तळ सोडून डुलत वर आली तेव्हा तो गट जो ओरडला, तो पहिल्या पेटीच्या वेळी ओरडला नव्हता. एका गटाने साखर वापरली आणि तीही चालली. आम्ही मनात फक्त मीठ धरले होते. इथे मात्र आमच्या मनात काय होते याला काही किंमत नव्हती. पाण्याची घनता वाढली, बाटली वर आली. उत्तर निसर्गाने दिले.

आकडी कुलूप रचणाऱ्याच्या मनातले उत्तर मागते. असे कुलूप निसर्गाचा नियम मागते. मंडल पूर्ण झाले तरच पेटणारा दिवा, आरसा नेमक्या कोनात ठेवला तरच फटीतून आत शिरणारा प्रकाशकिरण, उष्णता दिली तरच उमटणारी लिंबाच्या रसातली अक्षरे, ही सगळी दुसऱ्या जातीची कुलपे आहेत. त्यांना खर्चही कमी येतो.

कधीही न उघडणारी पेटी

आणखी एक प्रश्न उरतो. सुटकेच्या खेळात कोणीतरी उत्तर लपवलेले असते आणि ते सापडले की कुलूप 'कट्' असा आवाज करते. संशोधनात असा आवाज कधीच येत नाही. आमची वीस वर्षे प्रयोगशाळेत गेली. तिथे कोणी येऊन 'आता बरोबर' असे सांगत नाही. आपणच आपल्या उत्तरावर शंका घ्यायची असते. हा अनुभवही मुलांना मिळायला हवा.

त्यासाठी एक जुना प्रयोग वर्गात सहज करता येतो. लंडनच्या पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६० साली तो प्रसिद्ध केला. फळ्यावर २, ४, ६ लिहा. 'या संख्या एका नियमाने आल्या आहेत. तुम्ही दुसऱ्या तीन-तीन संख्या सुचवा, त्या नियमात बसतात की नाही एवढेच मी सांगेन. नियम ओळखा.' मुले ८, १०, १२ म्हणतील. हो. २०, २२, २४? हो. मग ती खात्रीने सांगतील, 'दोनने वाढणाऱ्या सम संख्या'. वेसनचा नियम होता 'चढत्या क्रमाने कोणत्याही तीन संख्या'. १, ७, ५० सुद्धा चालले असते. पण आपला अंदाज मोडून काढणारा प्रश्न विचारायचे मोठ्या माणसांनाही चटकन सुचत नाही. वर्गात हा खेळ घ्याल तेव्हा तासिका संपली तरी नियम सांगू नका. एक दिवस जाऊ द्या. मुले मधल्या सुटीत तुम्हाला गाठतील.

कुलूप कोणाच्या हातात?

पाचव्या नळीबद्दल बोलणारी मुलगी एकटी पडली, याला घड्याळाइतकीच गटाची रचनाही कारणीभूत होती. सहा जणांत कुलूप एक. ते ज्याच्या हातात तो राजा. बाकीचे त्याच्या खांद्यावरून डोकावतात.

अमेरिकेत ऑस्टिन शहरात १९७१ साली, गोरी आणि काळी मुले नुकतीच एका वर्गात येऊन बसू लागली होती तेव्हा, एलियट ॲरन्सन यांनी यावर एक उपाय काढला. धड्याचे तुकडे करायचे आणि गटातल्या प्रत्येक मुलाला एकच तुकडा द्यायचा. दुसऱ्याचे ऐकल्याशिवाय कोणाचेच काम पुरे होत नाही. सुटकेच्या खेळात हे सहज करता येते. सहा नळ्या सहा मुलांना वाटा. प्रत्येकाने आपल्या नळीचा निर्णय पुराव्यासह सांगायचा. मग पाच नंबरच्या मुलीचा कागद कोणी काढून घेऊ शकत नाही, कारण ती नळी तिचीच असते.

खेळ निवडताना

जे शिक्षक असा खेळ विकत घेणार असतील किंवा रचणार असतील, त्यांनी आधी स्वतःला तीन प्रश्न विचारावेत. पहिला : विज्ञान अजिबात न वापरता, नुसत्या अंदाजाने हे कुलूप किती मिनिटांत उघडेल? हिशेब कागदावर करून पाहावा. दुसरा : एखाद्या मुलाने बरोबर निरीक्षण केले आणि ते आपल्या अपेक्षेहून वेगळे निघाले, तर खेळात त्याला जागा आहे का? तिसरा : खेळ संपल्यावर बोलायला किती वेळ ठेवला आहे? आम्ही एक मिनिटही ठेवला नव्हता. ३५ मिनिटांपैकी निदान १५ तरी ठेवावीत, आणि तेवढ्यासाठी एक पेटी कमी करावी लागली तर करावी.

जानेवारीत आम्ही सामूमापक घेऊन त्या शाळेत पुन्हा गेलो. या वेळी कुलूप नेले नाही. मुलांनी घरून नळाचे, विहिरीचे, बोअरचे, फिल्टरचे पाणी आणले होते. शाळेच्या बोअरचे ताजे पाणी ७.३ आणि टाकीतले ८.४ आले, तेव्हा वर्गात बरीच खळबळ झाली. असे का व्हावे, यावर मुलांनी सात कारणे फळ्यावर लिहिली. त्यांतली चार तपासून पाहता येण्याजोगी होती. एक होते, 'टाकीच्या सिमेंटमुळे'. ते आमच्याही डोक्यात आले नव्हते आणि ते खोटे आहे असे म्हणण्याइतका पुरावा त्या दिवशी आमच्याकडे नव्हता. मुलांनी काचेच्या बरणीत ताजे पाणी उघडे ठेवून रोज मोजायचे ठरवले.

तास संपल्यावर ती मुलगी जवळ आली. "सर, म्हणजे त्या दिवशी माझं बरोबर होतं?" आम्ही हो म्हणालो. "मग कुलूप कसं उघडलं नाही?" त्यावर, कुलूप आम्ही लावले होते आणि आम्ही पाणी न मोजताच लावले होते, एवढेच आम्हाला सांगता आले. तिने वही उघडून पाचासमोर पुन्हा 'निळसर' लिहिले आणि पुढे तारीख घातली.